डाळ ठीक आहे, असं मी म्हणालो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, भावाला नाही, देवालाही नाही — देवाला तर मुद्दामच नाही, कारण ज्याच्या दारात ते घडलं त्यालाच पुन्हा काय सांगायचं? बायको असती तर तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. पण ती आधीच गेली होती. आणि खरं सांगतो, ती नाही याचं त्या दिवशी मला बरं वाटलं. असं वाटणारा माणूस कसा असेल ते तुम्हीच ठरवा.

मी आचारी. म्हणजे होतो. मिरजगावच्या आसपासच्या गावांत लग्न असो, तेरावं असो, सप्ताह असो — चुलीसाठी खड्डे खणायच्या आधी माझं नाव निघायचं. लोक मला अण्णा म्हणतात. माझ्या हातची आमटी खायला लोक परगावाहून... बघा, कबुली द्यायला बसलो आणि आमटीचं कौतुक सांगायला लागलो. पण ते सांगावंच लागेल, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

आमच्याकडे देवाच्या स्वयंपाकाची एक रीत आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावायचं नाही. लावलं की ते उष्टं झालं. घरात चार माणसांचं असो की काल्याच्या दिवशी अख्ख्या गावाचं — आचाऱ्याने चाखायचं नाही म्हणजे नाही. मग मीठ बरोबर पडलं की नाही हे कसं कळणार? नाकाने. झाकण उचलायचं, तोंड वाफेवर धरायचं आणि एक श्वास घ्यायचा. मीठ कमी असलं तर वाफेला एक मचूळपणा येतो, मसाला कच्चा असला तर ती घशाशी टोचते. हे कुणी शिकवून येत नाही, चुलीपुढे वर्षं काढावी लागतात. माझं नाव होतं ते त्यासाठीच. "आमचे अण्णा वाफेवर मीठ सांगतात," असं लोक पाहुण्यांना सांगायचे. मी ऐकलंच नाही असं दाखवून उगाच चुलीतली लाकडं सरकवत बसायचो.

तर ते नाकच गेलं.

कोरोनाच्या साथीत मलाही ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र आला नाही. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, माझा नाही. मी कुणाला न सांगता नगरला जाऊन एका डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर वयाने माझ्या नातवापेक्षा थोडेच मोठे असतील. म्हणाले, "बाबा, या वयात आता अवघड आहे. पण वास येत नाही म्हणून तुमचं अडतंय कुठे?" त्यांना काय सांगणार? मी हसलो आणि बाहेर आलो.

थांबायचं ते तेव्हाच. हे मला आज सुचतंय असं समजू नका — तेव्हाही कळत होतं. मुलगा श्रीरामपूरला असतो, मोटरसायकलच्या पार्टचं दुकान आहे त्याचं. तो तर कधीचा मागे लागला होता. "अण्णा, आता बास करा. कंबर धरून उठता तुम्ही. इकडं या, पोरांत राहा." नाकाचं त्याला माहीत नव्हतं, तो बिचारा कंबरेचंच बोलत होता. मी त्याच्यावर खेकसलो. म्हणालो, तुझ्या दुकानापुढे बसून गाड्या मोजू का दिवसभर? त्याचं काय चुकलं होतं? काही नाही. पण माझ्या वयाची माणसं मी पारावर बसलेली बघत होतो. सकाळी सावली असेल त्या बाजूला, दुपारी दुसऱ्या बाजूला. त्यांना कुणी काही विचारत नाही. आणि मला? मंडप कुठल्या तोंडाने घालायचा हेसुद्धा लोक मला विचारायचे. ते सोडून मी सावलीत जाऊन बसू? तुम्ही बसला असता? — जाऊ द्या. तुम्हाला मध्ये ओढून माझं ओझं कमी होणार नाही.

आता विमलचं सांगतो. मघापासून तिचं नाव टाळत होतो, ते तुमच्या लक्षात आलं नसेल.

विमल माझ्या हाताखाली बरीच वर्षं होती. आधी भांडी घासायला आली, मग भाज्या चिरायला, मग डाळ-भात सगळा तिच्याकडेच गेला. हाताला झपाटा आणि तोंडाला तिखट. मला अण्णा म्हणायची, पण पटलं नाही तर तोंडावर सांगायची. ती बौद्ध घरातली. हे सांगायचं कारण असं, की सप्ताहाच्या चुलीवर तिला मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा गावात कुजबुज झाली होती. उघड कुणी बोललं नाही. आजकाल उघड कुणी बोलत नाही. मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो, "माझी मानसं मी ठरवनार. पटत नसंल तर दुसरा आचारी बघा." सगळे गप्प बसले. मला केवढा अभिमान वाटला होता स्वतःचा! पुढे चार ठिकाणी मी तो प्रसंग रंगवून सांगितला. खरी गोष्ट ही, की तिच्यासारखं काम करणारं दुसरं कुणी मला मिळत नव्हतं.

नाक गेल्यावर मी तिच्या जिवावर चूल चालवली. ती काम करता करता बोलायची — "अण्णा, लसूण तांबूस झाला बरं का." "अण्णा, बुडाला लागाया लागलंय, हलवते." मला वाटायचं, वय झालं तशी बाई बडबडी झाली. आधी ती एवढी बोलत नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं नाही? आलं होतं हो. ध्यानात आलेलं बाजूला सारायची सवय लागली की माणसाला फार सोपं जातं.

शेजारच्या एका गावात चैत्रात सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग गावजेवण — आमटी, चपाती, भात, बुंदी. दरवर्षी मी पहाटे उठून डाळ चुलीवर चढवायचो. त्या वर्षी कंबर वाकायला तयार नव्हती. पहाटे उठायचं नुसतं मनात आलं तरी नको व्हायचं. म्हणून आदल्या संध्याकाळी विमलला म्हणालो, डाळ आत्ताच शिजवून ठेव, सकाळी नुसती फोडणी देऊ.

ती म्हणाली, "अण्णा, उन्हाळा हाय. रातभर न्हाई टिकायची. मी येते की पहाटं. तुमी झोपा निवांत."

किती सोपं होतं, बघा. ती येणार होती, मी फक्त झोपायचं होतं. पण माझ्याशिवाय चूल पेटली, डाळ शिजली, आणि कुणी म्हणालं की आता अण्णा झोपतात आणि विमल करते — तर? मी म्हणालो, "सांगितलं तेवढं कर." तिने केलं. मोठाली पातेली भरून डाळ शिजली. कुत्री-मांजरं फिरतात म्हणून मी वर पराती झाकायला लावल्या, परातींवर दगड ठेवले. गरम डाळ, वर घट्ट झाकण आणि चैत्रातला उकाडा. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही पोरीला विचारा, काय होईल ते.

सकाळी विमलने परात बाजूला केली आणि तिथेच थांबली. मग माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "अण्णा, वास मारतोय. टाकून देऊ. दुसरी लावते, कीर्तन हुईस्तोवर शिजंल."

चपात्या लाटायला गावच्या बाया बसल्या होत्या, पाण्याचे ड्रम भरायला माणसं आली होती. मी पातेल्यावर वाकलो की लोकांच्या माना वळायच्याच. तशा त्या वळल्या. मी श्वास घेतला. काहीच आलं नाही. साध्या पाण्यावर वाकल्यासारखं वाटलं. पुन्हा घेतला. मग सरळ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डाळ ठीक हाय."

"मी जिभंला लावून बघते जराशी," विमल म्हणाली आणि तिने पळीकडे हात नेला.

मी ओरडलो. आमच्या रीतीची इतकी चाड मला त्याआधी कधी वाटली असेल-नसेल. "नैवेद्य दावला न्हाई अजून! खबरदार तोंडाला लावशील तर!" तिचा हात तिथेच थांबला. मग वातावरण हलकं करायला — की तिला अजून खाली दाबायला? — मी हसून म्हणालो, "विमलला आता माझ्यापरीस जास्ती कळाया लागलंय." बाया हसल्या.  विमलने डाळ फोडणीत ओतली. माझ्या सांगण्यावरून ओतली, हे लक्षात ठेवा. कारण गावाने ते लक्षात ठेवलं नाही.

चिंच, गूळ, मसाला, कोथिंबीर — कशालाच मी हात आखडता घेतला नाही. आंबूस लागली असेल ती लोकांना चिंचेची वाटली असेल. नैवेद्य झाल्यावर मीही चार घास खाल्ले. माझ्या जिभेला नुसतं आंबट आणि तिखट कळतं, ते दोन्ही होतं. लोकांनी मागून मागून घेतली.

दिवस मावळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, टेम्पोतून माणसं दवाखान्यात नेली. खाटा पुरल्या नाहीत, व्हरांड्यात सतरंज्या टाकून सलाईन लावली. एक म्हातारी नगरच्या मोठ्या दवाखान्यात किती तरी दिवस होती, आणि तिची सून रोज देवळात येऊन नुसती पायरीवर बसायची. कुणी दगावलं नाही, देवाची कृपा, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. कमिटीचे लोक, गावातली चार मोठी माणसं, मी आणि विमल. तोपर्यंत गावाने आपलं ठरवून टाकलं होतं. डाळ कुणी शिजवली? विमलने. आणि त्याहून वाईट — चपात्या लाटणाऱ्यांपैकी कुणी तरी सांगितलं होतं की अण्णा तिच्यावर ओरडले, तोंडाला लावू नको म्हणून. म्हणजे तिने चाखलीच असणार. नैवेद्याच्या आधी उष्टं केलं, म्हणून हे झालं. "कुनाचा बी हात लावून घेतला की असंच व्हनार," असं एक जण खांबाआडून म्हणाला. नाव घेऊन नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती.

मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपत होतं. डाळ मी ठेवायला लावली. तिने सांगितलं होतं. तिने चाखली नाही. तीन छोटी वाक्यं, एका दमात बोलून झाली असती. मी खाली फरशीकडे बघत बसलो.

शेवटी विमलच बोलली. आवाज चढवला नाही तिने. "मी न्हाई चाखली. चाखली असती तर ही पाळीच आली नसती. मी अण्णांना सांगितलं हुतं वास मारतोय म्हनून. पर अण्णांना वासच येत न्हाई. साथीच्या तापापासनं न्हाई येत. मला ठावं हाय."

तिला माहीत होतं! ती सगळी बडबड — लसूण तांबूस झाला, बुडाला लागलं — ती माझ्यासाठी होती. ती मला सांभाळत होती, आणि मला त्याची लाज वाटू नये म्हणून सवय असल्यासारखं दाखवत होती. हे मला त्या क्षणी समजलं. आणि समजल्यावर मी काय केलं? मला तिचा राग आला. चारचौघांत माझं नाक कापलं म्हणून राग आला.

मी हसलो. म्हणालो, "बघा आता. माझं नाक काढतीय बाई." कमिटीतल्या एकाला गंमत सुचली. तो म्हणाला, "थांबा, आत्ताच बघू की." तो उठून आत गेला.

आता नीट ऐका, कारण मुद्दा हा आहे. तो स्वयंपाकाच्या खोलीकडे गेला असता तर मी मेलो असतो. तिथे हिंग, जिरं, लवंग, काय काय होतं. पण तो गाभाऱ्याकडे वळला. मी मान न हलवता बघितलं. तो परत आला तेव्हा हातात रुमालाची पुरचुंडी होती, चिमूटभर काहीतरी बांधलेली. गाभाऱ्यात असतं काय? फुलं असती तर रुमाल फुगला असता. उदबत्ती लांब असते. बुक्का असता तर बोटं काळी झाली असती, आणि त्याची बोटं स्वच्छ होती. एवढा विचार मी तो चार पावलं चालून येईपर्यंत केला. लोक म्हणायचे म्हातारपणी डोकं चालत नाही. माझं त्या दिवशी फार छान चाललं.

त्याने पुरचुंडी नाकापाशी धरली. मी डोळे मिटले. श्वास घेतला, थांबलो, पुन्हा घेतला, थोडी मान हलवली — सगळं नाटक केलं. आणि म्हणालो, "कापूर. आन् जुना हाय, डबीत लई दिवस पडलेला."

ते जुना आहे म्हणणं — त्याची काय गरज होती? नुसतं कापूर म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या जुन्यामुळेच लोकांना पक्कं पटलं. रुमाल सोडून कापूर सगळ्यांना दाखवला. "व्हय की ओ, कवाचा हाय कुनास ठाव!" कुणी तरी टाळी दिली. सभामंडपात हशा पिकला, एवढी माणसं दवाखान्यात पडलेली असताना. आणि त्या हशात विमल खोटी ठरली. जी बाई आचाऱ्यावर एवढं मोठं खोटं बोलते, तिच्या चाखली नाही या शब्दाला कोण विचारतं?

ती माझ्याकडे बघत होती. चिडून नाही. रडून तर नाहीच. मी ओळखीचा आहे की नाही हे नीट बघून घ्यावं, तसं तिने मला बघून घेतलं. "अण्णा—" एवढंच म्हणाली आणि पुढचं गिळलं. चुलीपाशी तिच्या घरची पळी आणि विळी होती. ती पिशवीत भरून ती स्टँडकडे चालत गेली. आम्ही दोघं एकाच गाडीने यायचो-जायचो. त्या दिवशी मी मागच्या गाडीने गेलो.

त्यानंतर विमलला कुणी चुलीवर बोलावलं नाही. लग्नाला नाही, तेराव्याला नाही. तिच्या सुनेला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळणार होतं, ते कुणी तरी शाळेतल्या पोरांच्या आईबापांना जाऊन सांगितल्यावर मिळालं नाही, असं माझ्या कानावर आलं. मी चहा पीत होतो. ऐकलं आणि कप खाली ठेवला, एवढंच.

आणि माझं? माझ्याकडे कामं वाढली. कापराची गोष्ट गावोगाव गेली. मी आणखी काही वर्षं चुलीपुढे उभा राहिलो. शिळं काही ठेवू दिलं नाही, डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि प्रत्येक वेळी झाकण उचललं की आधी हाताखालच्या पोरांच्या तोंडांकडे बघायचो.  मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं. जे टिकवायला मी तिचं नाव बुडवलं, ते सोडायचं कसं? शेवटी एका लग्नात कढईपाशी तोल गेला, मुलगा येऊन घेऊन गेला. काही दिवस श्रीरामपूरला राहिलो आणि परत गावी आलो.

तुम्हाला वाटेल, आता मला रात्रंदिवस त्या आंबलेल्या डाळीचा वास येत असेल. नाही येत. काहीच येत नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. मी अजूनही जेवायला बसलो की ताटावर वाकून श्वास घेतो. जुनी सवय. आणि तिथे काही नसतं तेव्हा मला तिचा पळीकडे गेलेला आणि मध्येच थांबलेला हात दिसतो.

मध्यंतरी बाजाराच्या दिवशी ती मला दिसली. एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये बायांबरोबर कांदा निवडत होती. मी पुढे सटकायला बघत होतो, पण तिने पाहिलंच. "अण्णा, बरं हाय का? कंबर काय म्हनती?" असं विचारलं. बाजूच्या बायांपुढे, चांगल्या तोंडाने. मी म्हणालो, बरी आहे. तिने पुन्हा कांद्यांत हात घातले. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या दिवशी तरी जेवलो असतो.

या वर्षी चैत्राच्या आधी त्याच गावची कमिटी माझ्या घरी आली. सगळी जुनीच माणसं. म्हणाले, "अण्णा, तुमी कशाला हात लावू नका. नुसतं येऊन बसा अन् झाकण काढलं की वाफ बघा. तुमच्या नाकावर आमचा भरवसा हाय." मी नाही म्हणालो. शेवटी शहाणपण सुचलं म्हणाल. पण कारण काय सांगितलं? गुडघे. म्हणालो, गुडघे धरलेत, प्रवास होत नाही. ते हळहळले. भावाच्या सुनेने चहा आणला, तो प्यायला लागले.

मग त्यातला एक जण म्हणाला, "तुमच्या हाताखालचं कुनी हाय का, अण्णा, भरवशाचं? तुमी नाव सांगा. तुमी म्हनाल त्याला बोलावतो, मग कुनाचं ऐकत न्हाई आमी."

विमल अजून आमच्याच गावात राहते. हाक मारून आणली असती तर चहा संपायच्या आत आली असती. तिचं नाव माझ्या तोंडात आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. एवढंच म्हणायचं होतं — विमलला बोलवा, त्या वेळी ती खरं बोलत होती. ते सगळे कप हातात धरून माझ्याकडे बघत होते. कुणी घाई करत नव्हतं.

मी संगमनेरच्या एका आचाऱ्याचं नाव सांगितलं. त्याच्या हातचं मी कधी खाल्लेलंही नाही.